दाताच्या कॅपवरच्या पायऱ्या

दाताला नवी कॅप बसली की जीभ दोन दिवस तिच्यावरून फिरत राहते. जीभ परीक्षा घेत असते ती गुळगुळीतपणाची, आणि ही परीक्षा महत्त्वाची आहे. पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा 0.2 मायक्रॉनच्या वर गेला की त्यावर जीवाणूंचे कीटण जास्त साचते, असे बोलेन, लाम्ब्रेख्त्स आणि क्विरिनेन यांनी 1997 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो.

1907 मध्ये शिकागोचे दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांनी दाताच्या खड्ड्यात बसणारा सोन्याचा तुकडा ओतण्याची रीत सादर केली. आधी मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती साचा घालायचा, तापवून मेण घालवायचे आणि पोकळीत वितळलेले सोने भरायचे. धातूच्या मूर्ती घडवणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांचीही हीच जुनी रीत. पुढे कॅपही अशाच ओतल्या जाऊ लागल्या. मेणावर कारागिराचा हात सलग फिरतो, त्यामुळे नमुन्यावर पायऱ्या नसतात.

पायऱ्या आल्या त्या त्रिमितीय छपाईबरोबर. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवरूप राळेतून थरावर थर चढवून वस्तू घडवण्याची पद्धत नागोयाच्या हिदेओ कोदामा यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी अशाच पद्धतीच्या पेटंटसाठी 1984 मध्ये अर्ज केला. ते 1986 मध्ये मिळाले. कालांतराने मेणाच्या जागी जळून जाणाऱ्या राळेचे छापील नमुने आले आणि मग थेट राळेच्या कॅपही छापल्या जाऊ लागल्या.

पायरी समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. पुठ्ठ्याच्या लहान होत जाणाऱ्या चकत्या एकावर एक चिकटवून घुमट करा. उभ्या बाजूजवळ तो बराच गुळगुळीत लागेल, माथ्याकडच्या मंद उतारावर मात पायऱ्या ठळक दिसतील. हिशेब सोपा आहे. थराची जाडी t आणि पृष्ठभागाचा क्षितिजाशी कोन θ असेल, तर पायरीची खोली t cosθ. 25 मायक्रॉनचा थर आणि 60 अंशांचा उतार घेतला तर खोली 12.5 मायक्रॉन येते. अशा करवती रेषेचा सरासरी खडबडीतपणा खोलीच्या चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे 3 मायक्रॉन: वरच्या मर्यादेच्या पंधरापट! प्रत्यक्षात ओली राळ कोपऱ्यांत साचून पायऱ्या थोड्या बोथट होतात, पण नाहीशा होत नाहीत.

मग थर आणखी पातळ का करू नयेत? 8 मिलिमीटर उंचीच्या कॅपला 100 मायक्रॉनचे 80 थर लागतात, तर 25 मायक्रॉनचे 320. वेळ वाढतो आणि प्रत्येक थरागणिक बारीक चूक शिरण्याची संधीही वाढते. दुसरा पर्याय म्हणजे कॅप तिरकी ठेवून छापणे. पण एक बाजू उभी झाली की दुसरी कलते. शिवाय अधांतरी भागाला आधारकाड्या द्याव्या लागतात आणि त्या तोडल्यावर खुंट उरतात.

म्हणून आम्ही असे म्हणतो की छपाईची निवड खडबडीतपणा पुरता संपवू शकत नाही. बऱ्याच अंशी ती त्याची जागा ठरवते. आधारकाड्या आतल्या पृष्ठभागावर किंवा हिरडीलगतच्या कडेवर नकोत, कारण तिथे घासायला गेल्यास कॅप दातावर नीट बसणार नाही. त्या बाहेरच्या बाजूला, झिलईचे चाक पोहोचेल अशा जागी हव्यात. चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खोबणी सर्वांत अवघड: तिथे उतार मंद, पायऱ्या ठळक आणि चाकाला जागा कमी. छापील कॅप 0.2 मायक्रॉनच्या आत आणायची, तर शेवटची झिलई आजही चुकत नाही. यंत्र लावतानाच तिचा विचार केला, तरच ती जमते.