एफबीआयची फाईल आणि 'एवढं फक्त ॲड करा ना'

मंडळी, गेले दोन आठवडे काही लिहिलं नाही, कारण ऑफिसात 'डिमांड'चा सीझन चालू आहे. पुढच्या वर्षी आयटी खात्याने काय काय करायचं याची यादी प्रत्येक डिपार्टमेंटने द्यायची आणि त्यातलं काय होणार ते एका कमिटीने ठरवायचं. यंदा त्या कमिटीत मीही आहे. ज्याने बारा वर्षं कमिटीला शिव्या घातल्या त्यालाच खुर्चीत बसवायचं, ही मॅनेजमेंटची जुनी युक्ती. असो. तर या निमित्ताने शनिवारी एक जुनं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. एफबीआयच्या 'व्हर्च्युअल केस फाईल'चं.

२००० साली एफबीआयकडे तपासाच्या नोंदींसाठी १९९५ ची 'ऑटोमेटेड केस सपोर्ट' ही सिस्टिम होती. मेनफ्रेम, हिरवा स्क्रीन, माऊस नाही. एजंट लोक तिला इतके वैतागलेले की खरी फाईल म्हणजे कागदाची, साहेबाची सही असलेली. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकन काँग्रेसने 'ट्रिलॉजी' नावाच्या प्रोजेक्टला सुमारे ३८ कोटी डॉलर मंजूर केले. नवे पीसी, नवं नेटवर्क, आणि जुन्या सिस्टिम्सना वेब ब्राऊझरचा चेहरा. हे शेवटचं काम जून २००१ मध्ये एसएआयसी या कंपनीकडे गेलं.

मग ११ सप्टेंबर. रॉबर्ट म्यूलर यांना संचालकपदावर येऊन जेमतेम आठवडा झाला होता. संशयितांचे फोटो दुसऱ्या कार्यालयांना ईमेलने पाठवता येईनात, कुरियरने पाठवावे लागले! आता नुसता चेहरा चालणार नाही, सगळी सिस्टिमच नवी हवी असं ठरलं, आणि तीही घाईने. काँग्रेसने आणखी ७ कोटी ८० लाख डॉलर दिले.

माझ्या मते गोची इथेच झाली. काम पार बदललं, पण कॉन्ट्रॅक्टची जात तीच राहिली: होईल तो खर्च द्यायचा, वर कंपनीला बक्षिसी. मधल्या टप्प्यावर काय दाखवायचं, नाही दाखवलं तर काय, हे कुठेच पक्कं नाही. आपल्याकडे कुठल्या सिस्टिम्स आहेत आणि त्या एकमेकींशी कशा बोलतात याचा नकाशाही नाही. २००२ मध्ये एजंट आणि इंजिनियर महिनोन् महिने एकत्र बसले आणि ८०० हून जास्त पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट तयार झालं. तरीही डिसेंबर २००२ पासून पुढच्या वर्षभरात जवळपास ४०० बदल मागितले गेले. 'नाही' कोण म्हणणार? २००१ च्या अखेरीपासून २००५ च्या सुरुवातीपर्यंत पाच जण सीआयओ किंवा प्रभारी सीआयओ होऊन गेले. मागणारे कायम, ठरवणारे बदलते.

एजंटांना मी दोष देत नाही. समोर स्क्रीन आल्याशिवाय आपल्याला काय हवं ते कळत नाही, हे आपल्या बाबतीतही खरंच आहे की.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी चहाच्या मशीनपाशी एका डिपार्टमेंटचे हेड भेटले. "अहो, एवढं एक फील्ड फक्त ॲड करा ना." मी म्हटलं, "करतो की, त्यात काय!" रिक्वेस्ट नाही, मेल नाही, काही नाही. ते फील्ड रिपोर्टमध्ये गेलं, रिपोर्टमधून इनव्हॉइसच्या प्रिंटमध्ये, आणि रिलीज तीन आठवडे पुढे. रिव्ह्यू मीटिंगमध्ये एका ज्युनियर मुलाला विचारलं गेलं, "हे कुणाच्या परवानगीने केलं?" तो माझ्याकडे बघत होता आणि मी लॅपटॉपकडे. त्याने पुढे नोकरी बदलली. त्याचं कारण हेच असेल असं नाही, पण नसेल असंही मला म्हणता येत नाही.

असो, मूळ मुद्दा. डिसेंबर २००३ मध्ये एसएआयसीने सात लाखांहून जास्त ओळींचा कोड हातात दिला. एफबीआयने १७ मोठ्या त्रुटी काढल्या, त्या फोडल्यावर ५९ झाल्या. मग भांडण, मग लवाद. लवाद म्हणाला, १९ गोष्टी म्हणजे एफबीआयने ऐनवेळी बदललेल्या मागण्या, उरलेल्या ४० कंपनीच्या चुका. दोघांचेही कान उपटले गेले, पण सिस्टिम काही मिळाली नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये छोटीशी चाचणी झाली आणि २००५ च्या वसंतात प्रकल्प गुंडाळला. १७ कोटी डॉलरच्या कामातला दहा कोटींहून जास्त किमतीचा कोड कचऱ्यात.

दरम्यान झल्माय आझमी सीआयओ झाले होते. २००४ मध्ये सगळ्या आयटी खर्चाची सूत्रं त्यांच्याकडे आली, आणि प्रत्येक प्रोजेक्टने ठराविक टप्प्यांवर परवानगी घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियम झाला. मार्च २००६ मध्ये लॉकहीड मार्टिनला 'सेंटिनल' दिलं. चार टप्पे, एकूण बजेट ४२.५ कोटी. सगळं कसं शिस्तीत. आणि २०१० मध्ये बघावं तर बजेट वाढून ४५.१ कोटी, त्यातले ४०.५ कोटी खर्च, आणि चारपैकी दोनच टप्पे हातात! म्हणजे नुसत्या परवानग्यांच्या दारांनी काम भागत नाही. मग सप्टेंबर २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं. छोटी टीम, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, दर वेळी चालणारं काहीतरी दाखवायचं. जुलै २०१२ मध्ये सेंटिनल सगळीकडे सुरू झालं.

माझ्याकडच्या एक्सेलमध्ये या घडीला ६३ डिमांड आहेत. अकरांवर लाल रंगात 'अर्जंट' लिहिलंय. सोमवारी सकाळी दहाला कमिटी बसेल. त्या अकरांतल्या तीन माझ्याच टीमच्या आहेत, आणि एक तर मीच चहाच्या मशीनपाशी कबूल केलेली.