‘क्रमशः’कडून ‘समाप्त’कडे

मालिकेतला नट चित्रपटात गेला की आपण सहज म्हणतो, छोट्या पडद्यावरून तो मोठ्या पडद्यावर गेला. या बोलण्यात पडद्याच्या आकाराचा हिशेब आहे. कथनाच्या स्वरूपाचा नाही. आमच्या मते असा नट मुख्यतः शेवट नसलेल्या कथेतून शेवट असलेल्या कथेत जात असतो. सुशांतसिंह राजपूत (१९८६–२०२०) याच्या कारकिर्दीकडे या दृष्टीने पाहावे, असे आम्हांला वाटते.

दूरदर्शनच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. शाहरुख खानची ‘फौजी’ (१९८९) मोजक्या भागांची मालिका होती. ती संपली, नट मोकळा झाला आणि १९९२ मध्ये ‘दीवाना’तून चित्रपटात आला. मालिका सोडावी लागत नसे. ती संपत असे. जुलै २००० मध्ये ‘क्यूंकी सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि हिंदीत दैनंदिन मालिकेचे युग अवतरले. तिचे अठराशेहून अधिक भाग झाले. तिच्यातला मिहीर कथेत मरण पावला तेव्हा प्रेक्षकांनी असा आकांत मांडला की निर्मात्यांना त्याला परत आणावे लागले. पुढे तो रंगवणारा अमर उपाध्याय मालिका सोडून चित्रपटांकडे वळला. मिहीर मात्र दुसऱ्या आणि मग तिसऱ्या नटाच्या देहात नांदत राहिला. २०२५ मध्ये मालिकेचे नवे पर्व आले तेव्हा उपाध्याय पुन्हा मिहीर म्हणूनच परतला. नट बदलतात, थकतात, परततात. पात्र तेवढे चिरंजीव.

मराठी वाचकाला ‘क्रमशः’ नवे नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून अशाच हप्त्याहप्त्याने वाचल्या गेल्या. पण तिथे शेवट लेखकाच्या हाती होता. दैनंदिन मालिकेत तो प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांच्या हाती जातो, आणि आकडे चांगले असेपर्यंत कुठल्याही कथेला शेवट परवडत नाही.

पाटण्याचा सुशांत दिल्लीत अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून शामक दावर यांच्याकडे नृत्य आणि बॅरी जॉन यांच्याकडे अभिनय शिकला. मुंबईत नादिरा बब्बर यांच्या ‘एकजुट’ या नाट्यसंस्थेत वावरला. २००८च्या ‘किस देश में है मेरा दिल’मध्ये त्याची भूमिका दुय्यम होती. त्याचे पात्र, प्रीत, लवकरच मारले गेले. परंतु ते इतके आवडले होते की अखेरच्या भागात त्याला आत्म्याच्या रूपाने परत आणले. मालिकेत मरणसुद्धा कसे कच्चे असते, याचा अनुभव त्याने पहिल्याच कामात घेतला.

जून २००९ मध्ये ‘पवित्र रिश्ता’ सुरू झाली. मूळ तमिळ मालिकेवर आधारलेली ही हिंदी कथा मुंबईतल्या मराठी कुटुंबांत रुजवली होती. भोवती उषा नाडकर्णी, सविता प्रभुणे यांच्यासारख्या मराठी रंगभूमीवर वाढलेल्या अभिनेत्री, समोर इंदूरच्या मराठी घरातली अंकिता लोखंडे, आणि मधे हा पाटण्याचा मुलगा, गॅरेजात काम करणारा मानव देशमुख. वाद्यांच्या कल्लोळात तिघांचे चेहरे तीन-तीनदा दाखवण्याची रीत असलेल्या त्या प्रकारात त्याने संकोच, अबोलपणा आणि खाली वळणारी नजर यांवर भूमिका उभी केली. महाराष्ट्रातल्या घरांनी त्याला आपलाच मानला.

२०११ मध्ये, लोकप्रियतेच्या ऐन भरात, त्याने मालिका सोडली. मानव हितेन तेजवानीकडे गेला आणि मालिका २०१४ पर्यंत चालली. रंगभूमीवरही भूमिका हातांतरित होतात. श्रीराम लागूंनंतर दत्ता भटांनी ‘नटसम्राट’ केले, तेव्हा रसिक दुसरा अन्वयार्थ पाहायला गेले. दोन बेलवलकरांची तुलना हा चर्चेचा विषय झाला. मालिकेत मात्र काही बदललेच नाही असे सर्वांनी मिळून मानायचे असते. नटाचे दोन वर्षांचे काम एका भागात पुसले जाते. मालिका सोडणाऱ्या नटाची खरी जोखीम पैशाची तर असतेच, पण त्याहून अधिक ही असते.

अभिषेक कपूर यांच्या ‘काय पो छे!’ने (२०१३) त्याला जे दिले ते मानवला कधीच मिळाले नसते. अहमदाबादचा अपयशी क्रिकेटपटू ईशान दुसऱ्याच्या मुलातली गुणवत्ता ओळखतो, २००२च्या दंगलीत त्याला वाचवू पाहतो आणि मारला जातो. हे मरण पक्के आहे. प्रेक्षकांनी कितीही आकांत केला तरी ईशान परत येणार नाही. म्हणूनच त्याच्या आधीच्या उतावळेपणाला, हसण्याला, भांडणांना मागाहून अर्थ येतो. ‘एम. एस. धोनी’ (२०१६) जिवंत माणसाची कथा असूनही २०११च्या विश्वविजयाशी थांबते. ‘सोनचिडिया’तला (२०१९) बागी लाखना तर आपल्या शेवटाचा अर्थ शोधतच बीहडात फिरतो. या भूमिकांमध्ये नट शेवट ठाऊक असल्यासारखा मोजून खर्च करतो. दररोज सारखेच खर्चायला लावणाऱ्या मालिकेत ती मुभा नव्हती.

१४ जून २०२० रोजी सुशांतचा मृत्यू झाला, आणि वृत्तवाहिन्यांनी त्याची दैनंदिन मालिका केली. रोज रात्री नवा भाग, नवा संशय, ठरवून दिलेली खलनायिका, वाद्यांचा तोच कल्लोळ. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये या वार्तांकनावर कठोर ताशेरे ओढले. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास बंद करण्याचा अहवाल दाखल केला. तोवर ज्यांची नावे त्या कथेत ओढली गेली, त्यांची आयुष्ये पार उसवली होती. ‘क्रमशः’तून प्रयत्नपूर्वक बाहेर पडलेल्या नटाला मरणोत्तर पुन्हा त्याच प्रकारात कोंबले गेले, आणि या खेपेस कथानकातली माणसे खरी होती.

आमच्या वर्गांत आज त्याचे नाव निघाले की विद्यार्थी त्या रात्रींविषयीच विचारतात. आम्ही त्यांना ‘काय पो छे!’ पाहायला सांगतो. दोन तासांची, शेवट असलेली ती कथा नटाविषयी बोलायला पुरेशी आहे.