राजाचं रक्त, मठाधिपतीमार्गे

अलेक्झांडर मॅग्रूडर 1650 नंतर दोन-तीन वर्षांत मेरीलँडच्या किनाऱ्याला लागला, तो बांधील मजूर म्हणून. 1651 साली वूस्टरच्या लढाईत इंग्लंडच्या क्रॉमवेलनं स्कॉट फौजेचा धुव्वा उडवला आणि कैद्यांना जहाजांत भरून वसाहतींकडे धाडलं. अलेक्झांडर त्यांतलाच एक, असं घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगत आले. बांधिलकी सुटल्यावर त्यानं पॅटक्संट नदीकाठी तंबाखू लावला, जमिनीला जमीन जोडत गेला आणि 1677 साली वारला. मुलंनातवंडंही तंबाखूतच राहिली.

घर भरल्यावर पूर्वज आठवतात. 1909 मध्ये वॉशिंग्टनला त्याच्या वंशजांनी मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं स्कॉटलंडमधल्या मॅकग्रेगर कुळाचं. हे कूळ स्वतःला नवव्या शतकातल्या अल्पिन राजाचं म्हणवतं. ‘आमचं रक्त राजाचं’ या अर्थाचं ब्रीदच त्यांच्या चिन्हावर आहे. मग आडनाव मॅग्रूडर का? त्याचं उत्तर तयार होतं. 1603 साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स यानं मॅकग्रेगर नावावरच बंदी घातली. ते नाव लावणं हा देहदंडाचा गुन्हा ठरला, आणि माणसांनी मिळेल ते आडनाव घेतलं. पुरावा नाही, कारण नावच पुसलं गेलं! अशा युक्तिवादाशी भांडणार कोण?

भांडले ते जुने कागद. मॅग्रूडर हे आडनाव स्कॉटलंडमधल्या पर्थशायरमध्ये बंदीच्या कितीतरी आधीपासून नांदत होतं. गेलिकमध्ये त्याचा अर्थ मद्य गाळणाऱ्याचा मुलगा, म्हणजे आपल्याकडचा कलालच. खुद्द मॅकग्रेगरांची विश्वसनीय वंशावळही चौदाव्या शतकातल्या ग्लेनऑर्कीच्या ग्रेगरपाशी थांबते. अल्पिन तिथून पाचशे वर्षं मागे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात ते उगाच नाही.

आणि तरीही या शेतकऱ्याच्या अंगात राजाचं रक्त होतं, हे अनेक वंशशास्त्रज्ञ आज मानतात. फक्त शोधणारे चुकीच्या दारात उभे होते. वाट बापाकडून नव्हती, आईकडून होती.

अलेक्झांडरची आई म्हणून जिचं नाव घेतात ती किथिकची मार्गारेट कॅम्बेल. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही कागदोपत्री बाई माहेरचंच आडनाव लावी. ही एक रीत नसती तर सगळी शोधयात्रा तिच्या सासरच्या उंबऱ्यावर संपली असती. मार्गारेटचा बाप निकोल कॅम्बेल, आणि त्याचा बाप डोनाल्ड कॅम्बेल हा कूपर अँगस इथल्या मठाचा अधिपती. मठाधिपतीला मुलगा कसा, हा प्रश्न त्या काळी कुणी फार ताणत नसे. डोनाल्डला पाच मुलगे होते. धर्मसुधारणेचं वारं सुटलं आणि मठांच्या इस्टेटी हातच्या जाणार हे दिसू लागलं, तेव्हा त्यानं मठाची गावं मुलांच्या नावे करून टाकली. किथिक निकोलच्या वाट्याला आलं. धर्माला पाप वाटेल, पण वंशावळ लिहिणाऱ्याला यासारखं पुण्य नाही: जमीन नावावर करायची तर बाप कोण ते लिहावंच लागतं.

पुढची चढण सोपी. डोनाल्ड हा आर्गाइलच्या दुसऱ्या अर्लचा मुलगा. हा अर्ल 1513 साली फ्लॉडनच्या रणात पडला. अर्लच्या आजोबांची आई मार्जोरी स्ट्युअर्ट, ती ऑल्बनीचा ड्यूक रॉबर्ट याची मुलगी, तो स्कॉटलंडचा राजा दुसरा रॉबर्ट याचा मुलगा, आणि दुसरा रॉबर्ट म्हणजे राजा रॉबर्ट द ब्रूसच्या मुलीचा मुलगा. इथेही एक गाठ आहेच. ऑल्बनीचा जन्म आईबापांच्या धर्मसंमत लग्नाआधीचा. पोपची परवानगी 1347 साली मिळाली आणि मुलं औरस ठरली. राजघराण्याचा धागा असा दोनदा औरसपणाच्या कडेवरून गेलेला.

यातली खरी गंमत मॅकग्रेगरांनाच कळेल. त्यांना ग्लेनऑर्कीतून हुसकावून त्यांच्या जमिनी गिळणारे लोक कॅम्बेलच होते. ज्या कुळाच्या नावानं मंडळ काढलं, त्याच्या हाडवैऱ्यांच्या घरातून राजा मिळाला.

मेरीलँडचा अलेक्झांडर आणि मार्गारेटचा मुलगा एकच, हे सांगणारी एकच एक निर्णायक नोंद नाही. तिथे शेतांची नावं बोलतात. त्यानं आपल्या एका जमिनीला डनब्लेन नाव दिलं, दुसरीला क्रेगनीख. दोन्ही पर्थशायरमधल्या जागा, आणि क्रेगनीख तर मॅग्रूडरांचं जुनं ठिकाण. परक्या मुलखात नांगर धरणारा माणूस शेताला उगाच कुणाच्या गावाचं नाव देत नाही. मला हा पुरावा ब्रीदवाक्यापेक्षा वजनदार वाटतो.

तंबाखूच्या त्या शेतांवर पुढच्या पिढ्यांत गुलाम राबले. मॅग्रूडर हे आडनाव आज अनेक कृष्णवर्णीय अमेरिकन घराण्यांतही आहे. त्यांच्या कुळाचा शोध बहुतेकदा 1870 च्या जनगणनेपाशी अडतो, कारण मुक्त झालेल्या गुलामांची पूर्ण नावं तिच्यात पहिल्यांदा नोंदली गेली. त्याआधी ते भेटतात ते मालकाच्या मालमत्तेच्या यादीत: नुसतं नाव, वय आणि किंमत. आईबापाचा रकाना त्या यादीला नव्हताच.