नौपाड्याच्या फाटकापासून प्रमाणपत्रापर्यंत : ठाणे-कल्याण परिसर आणि स्वमग्नता

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या वाढीशी निगडित अशी अवस्था आहे, जी बालपणापासूनच असते व आयुष्यभर सोबत राहते. इतरांशी संवाद साधण्यातील अडचण, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एकाच कृतीची किंवा शब्दांची पुनरावृत्ती आणि आवाज, उजेड, स्पर्श यांची नेहमीपेक्षा तीव्र किंवा मंद जाणीव ही तिची मुख्य लक्षणे मानली जातात. या अवस्थेला विकार म्हणावे की माणसामाणसांतील एक स्वाभाविक वेगळेपण, हा वाद गेली तीन दशके जगभर चालू आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर येथे या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेतून क्वचितच ठरले असे दिसते. ज्या काळी जी संस्था उपलब्ध होती तिने प्रवेश देण्यासाठी जे नाव मागितले, ते नाव मुलाला मिळत गेले, आणि त्या नावाबरोबर त्याचे पुढचे आयुष्यही ठरत गेले.

या संस्थांपैकी पहिली म्हणजे नौपाड्यातील वेड्यांचे इस्पितळ. मुंबईतील कुलाब्याचे इस्पितळ अपुरे पडू लागल्यावर नरोत्तमदास माधवदास यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून १९०१ साली ठाण्यात नवे इस्पितळ उभे राहिले. ते पुढे प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १,८५० खाटांपर्यंत वाढले. ज्या कायद्याने अशा इस्पितळांचे व्यवहार चालत, त्या १८५८ च्या कायद्याने आणि त्यानंतरच्या १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने वेड्या माणसाच्या व्याख्येतच दोन अगदी भिन्न प्रकारची माणसे एकत्र केली होती. एक, ज्याचे मन नंतर बिघडले तो. आणि दुसरा, ज्याची समज जन्मतःच कमी मानली जाई तो. त्या काळात स्वमग्नता हे निदानच अस्तित्वात नव्हते, त्यामुळे नौपाड्याच्या दप्तरात त्या नावाची नोंद शोधण्यात अर्थ नाही. परंतु न बोलणारी, एकाच जागी डोलत राहणारी, अनोळखी स्पर्शाने किंचाळणारी मुले तेव्हाही जन्माला येत होती. ज्यांच्या घरच्यांना त्यांचा सांभाळ झेपला नाही, त्यांच्यासाठी सरकारने उघडलेले दार हेच होते, आणि त्या दारातून आत जाण्याचा एकमेव मार्ग वेडेपणाच्या नोंदीतून जात होता.

१९२० नंतरच्या काळात वेड्यांच्या इस्पितळांना मानसिक रुग्णालये म्हणण्याची पद्धत सरकारने स्वीकारली, पण गावाच्या नावाला चिकटलेला अर्थ त्यामुळे सुटला नाही. मुंबईच्या बोलण्यात एखाद्याला ‘ठाण्याला पाठवा’ म्हणणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा टोमणा होता, जसा पुण्यात येरवड्याच्या नावाने होई. ज्या शहरात राहायचे त्याच शहराचे नाव वेडेपणाचे दुसरे नाव झालेले असताना, आपल्या मुलाच्या वागण्याबद्दल डॉक्टरांकडे जाणे ठाणेकर कुटुंबाला किती अवघड वाटले असेल, याचा विचार या विषयावरील लेखनात पुरेसा झालेला नाही.

मराठी समाजाला वेगळ्या वागण्याकडे पाहण्याची दुसरी दृष्टी ठाऊकच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. तेराव्या शतकातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे म्हाइंभटांनी लिहिलेले चरित्र पाहावे. त्यात लहान मुलासारखे खेळणारा, मनाला येईल तेथे बसणारा, शिष्टाचार न पाळणारा हा पुरुष गावाने वेडा म्हणूनही पाहिला आणि आईबापाच्या ठिकाणीही मानला. आजचे निदान त्यांच्यावर लादणे हा इतिहासावर अन्याय ठरेल. इतके मात्र त्या ग्रंथावरून निश्चित दिसते, की वेगळे वागणाऱ्या माणसाला गावातून न काढता, त्याच्या कलाने घेत त्याच्यासह जगण्याची रीत या भाषेच्या मुलखात होती. ही रीत देवपण मिळालेल्या एखाद्यापुरतीच होती की सामान्य घरातल्या मुलालाही तिचा आधार मिळे, हा प्रश्न वेगळा.

वैद्यकशास्त्रात ही अवस्था स्पष्टपणे मांडली गेली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी आणि १९४४ साली व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, तर त्यांच्याही आधी, १९२५ च्या सुमारास, ग्रुन्या सुखारेव्हा यांनी रशियात तशाच मुलांविषयी लिहिले होते. तरीही अमेरिकेच्या मनोविकार नियमावलीत १९८० पर्यंत स्वमग्नतेला स्वतंत्र जागा नव्हती आणि तोवर अशी मुले बालपणीच्या स्किझोफ्रेनियात, म्हणजे विचार व वास्तवाचे भान विस्कळीत करणाऱ्या मनोविकारात, गणली जात. त्याच काळात आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हा सिद्धांत पाश्चात्त्य देशांत प्रतिष्ठा पावला. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली तो खोडून काढला, तरी त्याचा ठसा उशिरापर्यंत राहिला. पहाटेची लोकल पकडून मुंबईत नोकरीला जाणाऱ्या डोंबिवलीच्या आईला तो सिद्धांत वाचण्याची गरजच नव्हती, कारण मूल बोलत नाही याचा दोष तिच्या नोकरीवर टाकणारे शेजारीपाजारी आणि नातेवाईक आधीच हजर होते.

स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत दुसऱ्या प्रकारची दारे उघडू लागली. मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ साली मंदबुद्धी मुलांसाठी गृह सुरू केले आणि १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली. या संस्थांनी जन्मतः समज कमी असणे आणि मनोविकार होणे यांतील फरक व्यवहारात मान्य केला, ही त्यांची मोठी कामगिरी होय. पुढे ‘मतिमंद’ हा शब्द रूढ झाला, आणि १९८२ साली ठाणे, तर १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन होऊन लोकवस्ती झपाट्याने वाढत गेली, तशा या भागातही मतिमंद मुलांच्या शाळा निघाल्या. ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ आणि डोंबिवलीतील ‘अस्तित्व’ ही त्यांतील परिचित नावे. अशा शाळांत स्वच्छता, कपडे घालणे, पैसे ओळखणे यांसारखी दैनंदिन कौशल्ये शिकवली जात आणि मोठ्या मुलांकडून पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या करून घेतल्या जात.

स्वमग्न मुले याच वर्गांत बसू लागली, कारण त्यांच्यासाठी वेगळा वर्ग नव्हता. शाळेत प्रवेश बुद्ध्यंकावर, म्हणजे बुद्धिमापन चाचणीतून निघणाऱ्या अंकावर, मिळे. जे मूल चाचणी घेणाऱ्याकडे बघतच नाही आणि प्रश्नाला उत्तर देत नाही, त्याचा अंक कमी येणे अटळ होते, मग त्याची समज कितीही असो. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या कधी एकत्र, कधी वेगवेगळ्या आढळतात, ही जाणीव पालकांपर्यंत फार उशिरा पोहोचली. एरवी कनवाळू असलेल्या या वर्गांत कित्येक मुलांची अक्षरांची, अंकांची, सुरांची जाण न ओळखली जाताच राहून गेली असणार, ही या इतिहासातील खरी हानी आहे. १९९१ च्या ‘चौकट राजा’ या चित्रपटाने मतिमंद माणसाविषयी मराठी प्रेक्षकांच्या मनात माया निर्माण केली हे खरे, परंतु त्या मायेतही फरक ओळखण्याची नजर नव्हती.

याच दशकात ठाणे-डोंबिवलीच्या पालकांनी केलेले काम या भागाच्या इतिहासात सर्वांत मोलाचे ठरते. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याबद्दल मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेर, उघडपणे बोलण्याची सवय शहराला लागू लागली. दुसरीकडे अविनाश बर्वे आणि त्यांच्यासारख्या पालकांनी अमेय पालक संघटना बांधली आणि डोंबिवलीजवळच्या खोणी येथे ‘घरकुल’ हे मतिमंद प्रौढांसाठीचे निवासी घर उभारले. अशा पालकांच्या बैठकीत एक प्रश्न सतत येतो, ‘आमच्या माघारी याचं कोण करणार?’, आणि घरकुल हे त्या प्रश्नाला दिलेले प्रत्यक्ष उत्तर होते. मुलाला काय म्हणावे यापेक्षा तो चाळिशीत कोठे झोपेल, त्याला कोण जेवायला वाढेल, याची चिंता या पालकांना अधिक होती. विकार की वेगळेपण या वादातील दोन्ही बाजू या चिंतेला अनेकदा बगल देतात, म्हणून खोणीचे उदाहरण येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

कायद्याने स्वमग्नतेला नाव दिले ते याच सुमारास, आणि तेही अडखळत. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा चार गटांसाठी पालकत्वाची व आधाराची व्यवस्था केली. २०११ च्या जनगणनेत स्वमग्नतेसाठी स्वतंत्र रकाना नव्हता. शेवटी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत तिला जागा मिळाली. किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित झाले की शिक्षण, आरक्षण आणि इतर काही सवलतींचा मार्ग मोकळा होतो, आणि ती टक्केवारी ठरवण्यासाठी ‘इसा’ नावाची भारतीय मापनपट्टी वापरली जाते. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण मिळतात. एकूण गुण ७० च्या खाली असतील तर स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्याहून अधिक असतील तर तीव्र, असा तिचा हिशेब आहे.

या मापनपट्टीत विकार-वेगळेपणाचा वाद अगदी ठोस रूपात दिसतो. आपले मूल वेगळे आहे, कमी नाही, असे वर्षभर शाळेला, सोसायटीला आणि आजी-आजोबांना पटवून देणाऱ्या आईला वैद्यकीय मंडळापुढे मात्र ते काय काय करू शकत नाही याची यादी द्यावी लागते, कारण गुण कमी पडले तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर लेखनिक, वाढीव वेळ वा ‘निरामय’ विमा यांतील काहीच नाही. तिचे दोन्ही म्हणणे खरे आहे. राज्याने मदतीचा रस्ता उणिवेच्या मोजमापातून नेल्यामुळे तिला त्यांतील एकच म्हणणे पुढे करावे लागते, एवढेच.

मेंदूंची विविधता ही कल्पना याच्या उलट टोकाकडून आली. स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली पालकांना, आपल्या मुलासाठी शोक करू नका, असे सुनावले आणि १९९८ साली ऑस्ट्रेलियात ज्यूडी सिंगर यांनी मेंदूंच्या फरकांना जैवविविधतेसारखे पाहण्याची संज्ञा रूढ करण्यास हातभार लावला. या विचारानुसार अडचण व्यक्तीत कमी आणि तिच्याभोवतीच्या रचनेत अधिक असते. ठाण्यातल्या दहीहंडीचे ध्वनिवर्धक, नववर्ष स्वागतयात्रेच्या दिवशी डोंबिवलीच्या फडके रोडवर घुमणारे ढोल-ताशे, सकाळच्या लोकलचा रेटा हे सारे ज्याच्या कानाला व त्वचेला असह्य होते, त्याची असह्यता केवळ त्याच्या मेंदूची नाही, हे मान्य करायला फारशा पुराव्याची गरज नाही. नजर न मिळवणे किंवा हात फडफडवणे यांवर उपचार शोधण्यात ज्या पैशाचा व बालपणाचा अपव्यय झाला, तो या दृष्टीने टळला असता. मात्र स्वतःला चावणे, डोके आपटणे, झोप न लागणे, सोबत येणारी अपस्मार म्हणजे फिट्सची व्याधी यांना वेगळेपण म्हणून सोडून देणे ही क्रूरता ठरेल. ज्यामुळे त्या व्यक्तीला स्वतःला वेदना होतात त्यावर उपचार हवा, आणि ज्यामुळे केवळ पाहणाऱ्यांची गैरसोय होते त्यात बदल पाहणाऱ्यांनी करावा, ही विभागणी दोन्ही पक्षांपेक्षा अधिक न्याय्य दिसते.

ही विभागणी कायद्यात अजून उतरलेली नाही. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालक ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करतात, आणि १९९९ च्या कायद्यानुसार समिती त्याला कायदेशीर पालक नेमून देऊ शकते, ज्याला त्याच्या व्यक्तीची आणि मालमत्तेची काळजी सोपवली जाते. २०१६ चा कायदा मात्र त्याच व्यक्तीला इतरांच्या बरोबरीची कायदेशीर क्षमता मान्य करतो, आणि फक्त ठरावीक निर्णयापुरते, परस्पर विचारविनिमयाने चालणारे मर्यादित पालकत्व देतो. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली होती, आणि हा दुसरा विचार त्या कराराशी जुळणारा आहे. दोन्ही कायदे आज एकाच वेळी अमलात आहेत, आणि कल्याणच्या एखाद्या स्वमग्न तरुणाच्या बँकेतील खात्यावर सही कोणाची चालणार, याचे उत्तर त्याचे कुटुंब त्यांपैकी कोणत्या कायद्याखाली अर्ज करते यावर अवलंबून राहते.