अठ्ठेचाळीस केबी ते आठ जीबी

नोएडातील घर आवरताना माळ्यावरून एक खोके निघाले. आत काळा डीबी स्पेक्ट्रम प्लस आणि सात कॅसेट. मूळच्या ब्रिटिश सिंक्लेअर यंत्राची ही आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन काढली होती. १९८८ साली दिल्लीत बदली झाली तेव्हा मी तो सोबत आणला होता.

तो काळ संगणकाच्या कौतुकाचा. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण आले. त्याच सुमारास शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू होऊन देशभर बीबीसी मायक्रो संगणक पाठविले गेले. सरकारी नोंदीनुसार एकूण सुमारे १२,०००. पुढे काही वर्षांत यंत्रे जुनी झाली आणि योजनेला नवे संगणक घ्यावे लागले. यंत्र-खरेदीची तरतूद सहज होते, यंत्र वापरणारा घडविण्याची होत नाही, हा प्रशासनातला नेहमीचाच अनुभव. असो.

घरात या यंत्राचा उपयोग काय होता? त्याला स्वतःचा पडदा नव्हता, दूरदर्शन संचच जोडावा लागे. त्यामुळे रविवारी सकाळी 'महाभारत' चालू असताना संगणक बंद. मात्र बटण दाबताच तो क्षणात तयार असे. आजचा माझा डेस्कटॉप सुरू झाल्यावर आधी स्वतःचीच कामे उरकतो, मग माझ्याकडे पाहतो. याबाबतीत जुनाच बरा होता. पण कॅसेटवरून मोठा कार्यक्रम चढवायला पाच मिनिटे लागत, आणि मध्येच दिल्लीची वीज गेली की सारे पहिल्यापासून. स्मृती ४८ केबी. आजच्या ८ जीबीच्या साध्या डेस्कटॉपमध्ये तिच्या पावणेदोन लाख पट जागा आहे.

त्या ४८ केबीत मी दोन गोष्टी भरल्या होत्या: मंडळाच्या गणेशोत्सवाची वर्गणी आणि वडिलांनी सांगितलेली आमच्या घराण्याची वंशावळ. देवनागरीचाही प्रयत्न केला होता. या यंत्रात २१ अक्षरे स्वतः आखता येत, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. एक ओळ शिरोरेषेत जाई, वेलांटीला जागा उरत नसे, आणि २१ मध्ये आपली बाराखडी कुठली मावणार? शेवटी नावे रोमन लिपीतच लिहिली.

१९९७ साली पीसी घेतला आणि तीच वंशावळ वडिलांजवळ बसून एका मराठी फॉन्टमध्ये पुन्हा टंकलिखित केली. पडद्यावर स्वतःचे नाव मराठीत पाहून ते हरखले होते. आज ती फाइल उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. कारण त्या काळी जो तो फॉन्टकर्ता रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर आपल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवीत असे. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. वास्तविक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक काढले होते, इन्स्क्रिप्ट कळफलकही त्यातच होता. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड अधिसूचित केले ते २००९ साली. मधल्या अठरा वर्षांत कार्यालयांतून किती मराठी-हिंदी मजकूर अशा फॉन्टांत अडकला असेल, याचा विचार मी सेवेत असताना गांभीर्याने केला नाही, हेही कबूल केले पाहिजे.

कॅसेटचे मात्र वेगळेच झाले. लजपतराय मार्केटमधून एक जुना टेपरेकॉर्डर आणला, त्यातील किरकिर डेस्कटॉपवर ध्वनिमुद्रित केली आणि स्पेक्ट्रमचे सोंग घेणाऱ्या एम्युलेटरला ऐकविली. सातपैकी चार कॅसेट वाया गेल्या होत्या. पाचवीत वंशावळ निघाली, सहा पिढ्यांची.

वडील जाऊन अकरा वर्षे झाली. आता नावे युनिकोडमध्ये उतरवीत आहे आणि अडलो आहे. रोमन लिपीत ल आणि ळ एक, न आणि ण एक. चौथ्या पिढीतील पूर्वज बाळाजी की बालाजी? त्यांची बहीण मनी की मणी? हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरली आहे, साताऱ्याची आत्या. वय नव्वद, ऐकू कमी येते. रविवारी यादी घेऊन फोनवर बसणार आहे.