नजरेच्या हिसक्यांची कुळकथा

वाचताना नजर ओळीवरून अलगद सरकत जाते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती क्षणभर थबकते, झेप घेते, पुन्हा थबकते. या झेपेला नेत्रविज्ञानात ‘सॅकाड’ म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हिसका. शोधाचं श्रेय बरीच पुस्तकं लुई एमिल जावाल (१८३९–१९०७) या पॅरिसच्या डॉक्टरांना देऊन मोकळी होतात.

माणूस मोठाच. शिक्षण खाणकाम अभियंत्याचं, पण बहिणीच्या तिरळेपणापायी ते वैद्यकाकडे वळले. तिरळेपणावर शस्त्रक्रियेचा बोलबाला असताना ते स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने डोळ्यांना व्यायाम देत. त्यासाठी रोग्याकडे आणि डॉक्टरकडेही भरपूर चिकाटी लागे. नॉर्वेच्या शिऑट्झ यांच्याबरोबर त्यांनी बुबुळाची वक्रता मोजणारं यंत्र घडवलं. सॉर्बोनमधल्या नेत्रप्रयोगशाळेचे ते प्रमुख होते.

१८७८-७९मध्ये त्यांनी वाचनक्रियेवर लेखमाला लिहिली. त्यांचा खरा जीव अक्षरांच्या घडणीत: ठसा केवढा हवा, ओळ किती लांब हवी, रोमन अक्षराची ओळख त्याच्या वरच्या अर्ध्या भागात कशी असते. झेपा ऐकल्या त्या मात्र याच प्रयोगशाळेतल्या लामार यांनी. ऐकल्या, हो! पापणीवर टेकवलेल्या नळीचं दुसरं टोक कानाशी. डोळा हलला की आवाज. नवी ओळ सुरू करायला डोळा मागे फिरला की जरा लांब आवाज. साधारण पंधरा ते अठरा अक्षरांमागे एक झेप, असा हिशेब निघाला. डोळ्यांचा अभ्यास कानांनी व्हावा, ही गंमत मला मूळ शोधाइतकीच आवडते. त्याच सुमारास प्रागमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेरिंगही पापण्यांवर रबरी नळ्या लावून तेच ऐकत होते.

पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडमंड ह्यूई यांनी वाचकाच्या डोळ्यावर प्लॅस्टरची वाटी बसवली आणि तिला जोडलेल्या काट्याने काजळी धरलेल्या कागदावर नजरेची वाट उमटवली. त्यापेक्षा नळी बरी!

दरम्यान काचबिंदूने जावाल यांची दृष्टी हिरावून नेली. १९००च्या सुमारास ते पूर्ण आंधळे झाले. तरी १९०३मध्ये त्यांनी आंधळ्यांसाठी पुस्तक लिहिलं आणि १९०५मध्ये वाचन-लेखनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रेयाच्या घोळात त्यांचा दोष नाही. १८७९च्या लेखातच त्यांनी लामार यांचं नाव स्वच्छ घेतलं होतं. लामार यांनी मात्र आपला लेख छापायला १८९२ साल उजाडू दिलं.