बारा जन्म आणि एक तळघर

स्वप्नात माणूस आपल्या जन्माआधीच्या काळात उतरतो काय, हा प्रश्न युरोपात गाजला विसाव्या शतकात. आमच्या मराठवाड्यातील एका बाईने त्याचे उत्तर सतराव्या शतकातच देऊन ठेवले होते.

सेलूहून मनमाडकडे निघालेल्या गाडीच्या वाटेवर रोटेगाव लागते. तेथून सडकेने शिऊर. संत बहिणाबाईंचे हे गाव. १६२८ साली देवगावच्या कुलकर्ण्यांच्या घरी जन्मलेली ही पोर कळत्या वयापूर्वीच तिशीतल्या बिजवराला दिली. पुढे कोल्हापुरी असताना जीव लावलेले वासरू मेले, बाई दिवसचे दिवस भान हरपून पडल्या आणि स्वप्नात तुकोबांनी येऊन मंत्र दिला. नवरा वैदिक ब्राह्मण, कीर्तनावरून मारहाण करणारा. गुरू देहूचा कुणबी वाणी! जागेपणी हे कोणी घडू दिले असते? स्वप्नाला मात्र नवऱ्याची परवानगी लागत नाही. १७०० साली देह ठेवताना बाईंनी मुलाला आपले मागले १२ जन्म सांगितले.

आता दुसरे स्वप्न पाहा. १९०९ साली फ्रॉइडसमवेत अमेरिकेच्या प्रवासात कार्ल युंगला एक दुमजली घर दिसले. वरचा मजला थाटाचा, खालचा मध्ययुगीन, त्याखाली रोमन तळघर, त्याखाली गुहा. तीत हाडे, फुटकी मडकी नि दोन कवट्या. फ्रॉइडला कवट्यांत कोणाच्या तरी मरणाची छुपी इच्छा दिसली. युंग म्हणाला, देहाप्रमाणे मनालाही उत्क्रांतीचा इतिहास आहे. स्वतःच्या आठवणींखाली साऱ्या मानवजातीची सामूहिक नेणीव आहे.

गर्भ उत्क्रांतीच्या साऱ्या पायऱ्या पुन्हा चढतो, हे हेकेलचे १८६६ चे मत जीवशास्त्राने केव्हाच टाकून दिले. २००० साली फिनलंडच्या आंटी रेवोन्सुओंनी निराळीच कल्पना मांडली: स्वप्न म्हणजे आदिमानवाने केलेली संकटाची रंगीत तालीम. परीक्षेच्या आदल्या रात्री वाघ मागे लागतो तो यामुळेच म्हणायचा!

बहिणाबाईंचे जन्म म्हणजे युंगची गुहाच, असे कोणी पंडित सहज म्हणतील. मला ते पटत नाही. त्या गुहेतल्या कवट्या कोणाच्याच नाहीत. बाईंच्या जन्मांना गावे आहेत, कुळे आहेत, नाती आहेत. आणि त्यांचे सारे देणेघेणे तिच्या एकटीच्या नावावर मांडलेले आहे. घरात जिचा शब्द चालत नव्हता तिने बारा जन्मांचा हिशेब आपल्या हाती घेतला.

तो नवरा पुढे दुखण्याने अंथरुणाला खिळला, मनाने पालटला. मग सारे कुटुंब देहूला गेले आणि स्वप्नातले तुकोबा तेथे समक्ष भेटले.